दशांश, पेन्शन आणि मृत्युपत्र: निवृत्तीकडे निघालेल्या ख्रिस्ती कुटुंबासाठी

माझे यजमान २०१६ साली कारखान्यातून निवृत्त झाले. त्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी खास प्रार्थना केली, महिला संघाने शाल दिली आणि चहा घेता घेता तीन माणसांनी तीन सल्ले दिले. एकजण म्हणाले, "ग्रॅच्युइटीचा दशांश आधी काढा, बाकीचं मग बघा." (दशांश म्हणजे देवाच्या कामासाठी काढायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा.) दुसरे म्हणाले, "आता पेन्शनवर कसला दशांश? देव समजून घेतो." तिसऱ्यांनी कानाशी येऊन एका पतसंस्थेचा व्याजदर सांगितला. आम्ही तिघांचंही थोडं थोडं ऐकलं आणि तिन्हीकडे चुकलो.

मी स्वतः पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका होते, २०१९ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. यजमान २०२१ मध्ये गेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत बँक, सोसायटी, पोस्ट आणि वकील यांच्याकडे जे हेलपाटे घातले, त्यातून हा लेख तयार झाला आहे. मी आर्थिक सल्लागार नाही. व्याजदर आणि मर्यादा सरकार बदलत असतं, तेव्हा आकडे वापरण्याआधी पोस्टात किंवा बँकेत एकदा विचारून घ्या.

१. विश्वास आणि बचत यांचं भांडण आधी मिटवा

'उद्याची चिंता करू नका' हे वचन संडे स्कूलपासून पाठ असतं. मग एफडी करताना उगीच अपराध्यासारखं वाटतं. माझ्या सासूबाई तर पासबुकाकडेसुद्धा जरा संशयानेच बघायच्या.

लूकच्या बाराव्या अध्यायातला मूर्ख धनवान कोठारं बांधतो. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात योसेफही मिसरात कोठारं भरतो, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढतो. कोठारं दोघांचीही. धनवानाचं बोलणं मात्र पुन्हा वाचा: माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. त्यात दुसरं माणूसच येत नाही. योसेफाच्या कोठारावर दुष्काळात आजूबाजूचे देशही जगले.

उलट टोकाची चूक आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जास्त दिसते. मार्कच्या सातव्या अध्यायात आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलं आहे, असं सांगून हात वर करणाऱ्यांना प्रभू चांगलाच फटकारतो. घरच्यांची तरतूद न करता दिलेलं दान शास्त्रालाही पसंत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या दातृत्वाच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. त्या घरात संसार सावरणाऱ्या लक्ष्मीबाई होत्या, हे सांगायचं मात्र राहून जातं.

नवराबायकोने हे एकदा बसून बोलून घ्या. एकाला सगळं देऊन टाकायचं आहे आणि दुसऱ्याच्या पोटात गोळा येतोय, अशा घरात पुढची एकही पायरी नीट पडत नाही.

२. कागद एका पिशवीत आणा

निवृत्तीला दोन-तीन वर्षं असताना हे काम करा. नंतर ऑफिसातली ओळखीची माणसं बदललेली असतात. आमच्या पिशवीत आज हे आहे:

- आधार, पॅन आणि जन्मतारखेचा पुरावा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकसारखं हवं.
- बाप्तिस्म्याचा दाखला आणि विवाहाचा दाखला. मंडळीच्या नोंदवहीतला उतारा सही-शिक्क्यासह घ्यावा.
- पीएफचा यूएएन क्रमांक, पासबुकाची छापील प्रत, जुन्या नोकऱ्यांतले पीएफ क्रमांक.
- सगळ्या बँकांची आणि पोस्टाची पासबुकं, एफडीच्या पावत्या, त्यावरचे नॉमिनी.
- आरोग्य विमा आणि आयुर्विमा.
- घराचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावाकडच्या जमिनीचा सातबारा.
- कुणाला उसने दिले, कुणाचे घेतले, कुणाला जामीन आहोत, याची एक वही.
- दानाच्या पावत्या.

नावाच्या स्पेलिंगकडे खरंच लक्ष द्या. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि पीएफमध्ये तिसरं असतं. बाप्तिस्म्याचं नाव यजमानांच्या आधारवर होतं, पीएफमध्ये नव्हतं. त्या एका नावापायी पाच महिने गेले.

३. महिन्याला हातात किती येणार ते कागदावर मांडा

सरकारी नोकरीत, त्यातही महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांची गोष्ट वेगळी. खासगी नोकरीतल्या आपल्यासारख्यांना 'पेन्शन' हा शब्द फसवतो.

तुमच्या मूळ पगाराचे आणि महागाई भत्त्याचे १२ टक्के पीएफमध्ये जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळतात, तेही पगाराच्या मर्यादेपुरतेच. ही मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे. पेन्शन मिळायला निदान १० वर्षांची सेवा लागते आणि ती अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. म्हणजे १५,००० रुपये आणि १८ वर्षं धरली तर महिन्याला साधारण ३,८५७ रुपये. २०१४ च्या आधीची वर्षं जुन्या, कमी मर्यादेने मोजतात, म्हणून प्रत्यक्षात आणखी कमी येतात. पन्नाशीनंतर घाईने पेन्शन सुरू केलीत तर प्रत्येक आधीच्या वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात.

तेव्हा घर चालायचं ते पीएफ, ग्रॅच्युइटी आणि स्वतःच्या बचतीच्या व्याजावर. तीन महिने घरखर्च लिहा. औषधं वेगळ्या रकान्यात घाला, कारण तो रकाना दरवर्षी फुगतो. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. आज २५,००० रुपयांत भागत असेल तर सत्तरीत ५०,००० लागतील.

कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो. आम्हाला हे माहीत होतं, तरी "बघू" म्हणत राहिलो. नोकरीत असतानाच, तब्येत धड असताना, स्वतःचा वेगळा विमा घ्या. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. घरातल्या वडीलधाऱ्यांचं कार्ड काढलं नसेल तर आधी ते काढा.

४. दशांश कशावर, किती, कधी

सगळ्यात जास्त प्रश्न मला यावरच विचारले जातात, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला प्रश्न: पीएफवर दशांश द्यायचा का? नोकरीत असताना तुम्ही तो कशावर देत होता, यावर उत्तर अवलंबून आहे. कापाकापीच्या आधीच्या पूर्ण पगारावर देत असाल, तर तुमच्या स्वतःच्या वर्गणीचा दशांश कधीच दिला गेला आहे. राहिला मालकाचा हिस्सा आणि व्याज. हातात पडलेल्या पगारावर देत असाल, तर पीएफची सगळीच रक्कम अजून दशांशाबाहेर आहे. मी हातातल्या पगारावर देत होते, आणि ही गोष्ट निवृत्तीच्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

दुसरा प्रश्न: मग एकरकमी काढून द्यायचा का? इथे आमची चूक ऐका. यजमानांची ग्रॅच्युइटी जमा झाली आणि पंधरा दिवसांनी कापणीचा सण आला. अर्पणात आलेल्या भोपळ्या-केळ्यांचा लिलाव चालला होता, सभागृहाच्या छपरासाठी आवाहन झालं, आणि ह्यांनी उभं राहून दोन लाखांचा शब्द दिला. टाळ्या वाजल्या. पुढच्या वर्षी ह्यांची बायपास झाली आणि आम्ही मेहुण्याकडून उसने घेतले. मंडळीचा यात काही दोष नाही, छप्पर खरंच गळत होतं. शब्द देण्याआधी आम्ही घरी जाऊन वही उघडली नाही, एवढंच. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे लूकच्या चौदाव्या अध्यायातलं वाक्य त्या दिवशी कुणाला आठवलं नाही.

मी आता सगळ्यांना असं सांगते:

- एकरकमी पैसा आला की तीन महिने कुणालाही शब्द देऊ नका. मुलांनाही नाही.
- आधी वर्षभराचा घरखर्च आणि दवाखान्यासाठीची रक्कम वेगळी काढा.
- बाकीच्या रकमेतून उपकारस्तुतीचं काही द्यायचं असेल तर आकडा दोघांनी मिळून, घरी, प्रार्थना करून ठरवा. सभेत उभं राहून ठरवू नका.
- मुदलाचा दशांश एकदम देणं झेपत नसेल तर तो पाच-दहा वर्षांत वाटून द्या, आणि तसं वहीत लिहा.

नव्या करारात टक्का कुठेच ठरवून दिलेला नाही. पौल करिंथकरांना लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, आणि माणसाजवळ जे आहे त्यावरून ते मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. मला दहा टक्के सोपे जातात, कारण दरवेळी मनाशी घासाघीस करावी लागत नाही. तुम्हाला पाच झेपत असतील तर पाच ठरवा, पण ठरवा. "देव समजून घेतो" म्हणत आम्ही सात-आठ महिने काहीच दिलं नाही. देवाने समजून घेतलंही असेल, पण आमचा हात आखडला. पुन्हा सुरू करताना पाचशेची नोटसुद्धा जड वाटायला लागली होती.

तिसरा प्रश्न: सगळा दशांश मंडळीलाच द्यायचा का? यावर पाळकसाहेबांचं आणि माझं एकमत नाही, आणि ते त्यांना माहीत आहे. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (म्हणजे मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राखायला सांगितला आहे. त्यावरून मी वाटणी करते. उदाहरण म्हणून २८,००० रुपयांचं मासिक उत्पन्न धरा. दशांश २,८००. त्यातले १,४०० मंडळीला. ८०० एका पाकिटात, त्याला मी 'कडेचं पाकीट' म्हणते. शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबासाठी सोडा, असं लेवीय एकोणिसाव्या अध्यायात आहे, त्यावरून. कुणाची औषधं, कुणाच्या मयतीचा खर्च, परीक्षेची फी, असं त्यातून जातं. आणि ५७७ रुपये आमच्याकडे काम करणाऱ्या ताईच्या पेन्शनसाठी. तेवीस रुपये उरतात, ते रविवारी उपासनेत फिरणाऱ्या अर्पणाच्या थैलीत.

त्या ५७७ रुपयांबद्दल थोडं सांगते. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या कुणालाही सामील होता येतं. तिशीत सुरू केलं तर महिन्याला ५७७ रुपये भरून साठीनंतर महिना ५,००० रुपये पेन्शनची हमी मिळते. हप्ता तिच्या स्वतःच्या बँक खात्यातून कापला जातो, मी फक्त पगारासोबत तेवढे जास्त देते. आपल्या निवृत्तीची आकडेमोड करताना आपल्या घरात राबणाऱ्या बाईच्या निवृत्तीचा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तो माझ्या मुलीने घातला. मंडळीतला शिपाई, रखवालदार, पीएफ नसलेली तरुण सेविका, यांच्यासाठीही हे करता येतं. पंचांच्या बैठकीत एकदा विषय काढून बघा. चाळिशीच्या आतच सुरू करावं लागतं, तेव्हा ढकलू नका.

५. पैसा कुठे ठेवाल, कुठे ठेवणार नाही

हे थोडक्यात सांगते, कारण याची माहिती पोस्टातल्या खिडकीवर सहज मिळते. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षांसाठी, आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकाच्या नावे ९ लाख, संयुक्त खात्यात १५ लाख. पन्नाशीच्या आत असाल तर पीपीएफ सुरू करा. ते १५ वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. सगळी रक्कम एकाच ठिकाणी आणि एकाच मुदतीत अडकवू नका.

आता पतसंस्थेची गोष्ट. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेला नाही. हा फरक आम्हाला ठाऊक नव्हता. पाटी मोठी होती, गल्ल्यावर ओळखीचा मुलगा होता, आणि व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. आमचे तीन लाख तिथे अडकले, त्यातले थोडे हप्त्याहप्त्याने परत आले.

सगळ्यात धोक्याचा माणूस प्रार्थनेने बोलणं सुरू करतो. "ताई, तुमच्यासाठी प्रभूने ही संधी ठेवली आहे" असं म्हणून कुणी महिन्याला तीन-चार टक्क्यांची योजना पुढे केली, तर चहा पाजा आणि रिकाम्या हाताने पाठवा. मंडळीतला माणूस आहे म्हणून कागद न मागणं, ही आपली जुनी खोड आहे.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रांत इतक्यांदा बजावलं आहे की आणखी काय सांगावं! निवृत्तीनंतर कुणाच्याही कर्जाला सही करू नका. भाच्याला मदत करायची असेल तर झेपेल तेवढी रक्कम सरळ देऊन टाका आणि परत येणार नाही असंच धरा. राहतं घर जिवंतपणी मुलांच्या नावे करून देऊ नका. करायचंच ठरवलं तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ चा आधार त्या अटीवर उभा राहतो.

६. पावती घ्या, पण करसवलतीचा भ्रम ठेवू नका

मंडळीला दिलेल्या दशांशावर करसवलत मिळते, असं बऱ्याच जणांना वाटतं. साधारणपणे मिळत नाही. ८०जी म्हणून आपण जी सवलत ओळखतो ती समाजसेवेच्या संस्थांसाठी आहे. एकाच धर्माच्या लोकांसाठी किंवा मुख्यतः धार्मिक कामासाठी असलेल्या न्यासाला ती लागू होत नाही. ख्रिस्ती संस्थेचं रुग्णालय, वसतिगृह किंवा अनाथाश्रम यांची स्वतंत्र नोंदणी असेल तर तिथे मिळू शकते. त्यातही रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तरीही नाही. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (जुन्या कायद्यात त्याचं नाव १०बीई होतं) मागून घ्या, साधी पावती पुरत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा जुना आकडा पाठ असला तरी खजिनदाराला विचारा. उत्पन्नावर कर बसतच नसेल तर या परिच्छेदाची तुम्हाला गरज नाही. पावती मात्र सवलत मिळो न मिळो, नेहमी घ्या. दिलेलं मिरवायचं नसतं म्हणून पावतीही नको म्हणणारे लोक मला भेटले आहेत. पावतीमुळे मंडळीचा हिशेब स्वच्छ राहतो.

मुलं परदेशात असतील तर आणखी एक. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत मंडळीला पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं की धरली जाते, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असो वा नसो. तेव्हा मंडळीच्या न्यासाकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी. नसेल तर असा पैसा मंडळीच्या खात्यात घालू नका, खजिनदार अडचणीत येतो.

७. मृत्युपत्र करा, आणि ख्रिस्ती कायदा वेगळा आहे हे लक्षात ठेवा

यजमान गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि तो शेजारच्या हिंदू कुटुंबाच्या कायद्यापेक्षा वेगळा आहे. सोसायटीच्या चेअरमनने सांगितलेले नियम आपल्याला लागू पडतीलच असं नाही.

मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश मिळतं, उरलेलं दोन तृतीयांश मुलगा-मुलगी यांच्यात सारखं वाटलं जातं. मूल नसेल तर विधवेला अर्धं आणि अर्धं नवऱ्याच्या नातलगांना. मुलंबाळं असतील तर मृताच्या आईला काहीच नाही. हे वाचून मी थक्क झाले. सासूबाई छत्तीस वर्षं आमच्याबरोबर राहिल्या, आणि मुलाच्या मिळकतीत कायद्याने त्यांचा एक रुपयाही नव्हता. तुमच्यावर अवलंबून असलेली आई असेल तर फक्त याच कारणासाठी मृत्युपत्र करा.

गंमत म्हणजे ह्यांच्या एका जुन्या एफडीवर लग्नाआधीपासून नॉमिनी सासूबाईच होत्या. बँकेने पैसे त्यांच्या हातात दिले. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसे स्वीकारतो, हे मी त्यांना कसं समजावू म्हणून रिक्षात शब्द जुळवत होते. त्यांनीच मला थांबवलं. "ह्यो पैसा माझा न्हाई गं. मी आपली थैली. रविवारी थैली फिरती, तिचं काय आसतं का त्यात?" नॉमिनीची इतकी सोपी व्याख्या मला पुढे कुठल्याही वकिलाने सांगितली नाही.

मृत्युपत्र करताना एवढं सांभाळा:

- साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण मी करून घेतली.
- दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. ज्याला काही मिळणार आहे तो, किंवा त्याचा नवरा अथवा बायको, साक्षीदार नको. मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेला भाग रद्द होतो. मुलीला घर द्यायचं आणि जावयाची साक्ष घ्यायची, ही चूक नेहमी होते.
- मृत्युपत्र केल्यानंतर लग्न केलं तर जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. उतारवयात दुसरं लग्न करणाऱ्यांनी दुसऱ्याच आठवड्यात नवं करावं.
- अंमलबजावणीसाठी तुमच्यापेक्षा वयाने लहान, हिशेबी माणूस नेमा. पाळकसाहेबांची बदली होते, त्यांना नेमू नका.
- भारतीय ख्रिस्ती लोकांना प्रोबेटच्या, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याच्या, सक्तीतून २००२ च्या दुरुस्तीनेच सूट मिळाली. कुणी आग्रह धरला तर वकिलाकडून हे दाखवून द्या.

मंडळीला किंवा एखाद्या संस्थेला मृत्युपत्रातून द्यायचं असेल तर एक जुना अडसर आता राहिलेला नाही. वारसा कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे ज्या ख्रिस्ती माणसाला पुतण्या-भाची किंवा त्याहून जवळचे नातेवाईक आहेत, त्याने धर्मादाय कामासाठी काही ठेवायचं तर मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं असावं लागे, शिवाय ते सहा महिन्यांच्या आत सरकारी ठिकाणी जमा करावं लागे. जॉन वल्लमत्तम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हे कलम घटनाबाह्य ठरवलं. अजूनही काही जुनी माणसं "देवाच्या नावे लिहिलेलं टिकत नाही" म्हणतात, ते या कलमामुळे.

लिहिताना 'आमच्या मंडळीला' असं मोघम लिहू नका. मंडळीची मालमत्ता बहुतेक वेळा वेगळ्याच न्यासाच्या नावे असते. त्या न्यासाचं पूर्ण नाव आणि धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक लिहा. ठरावीक रकमेऐवजी टक्का लिहिलेला बरा, कारण शेवटच्या आजारपणात किती जाईल ते कुणाला सांगता येत नाही. दोन लाख मंडळीला लिहिलेत आणि मागे अडीचच उरले, तर मुलं कुणाला दोष देतील? आणि मुलांना आधी सांगा. मी दोघांना फोनवर वाचून दाखवलं. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "छप्पर पुन्हा गळतंय का?"

गोव्यातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा चालत आला आहे. मुलं असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते, मृत्युपत्राने फक्त उरलेल्या निम्म्याची वाटणी ठरवता येते. वरचे हिस्से तुम्हाला लागू नाहीत, तिथल्या वकिलाला विचारा.

८. वर्षातून एक दिवस ठरवा

गणनेच्या आठव्या अध्यायात लेव्यांना पन्नासाव्या वर्षी नेमाच्या सेवेतून मोकळं केलं आहे. पुढे त्यांनी फक्त आपल्या भावांना हातभार लावायचा. मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत रक्तदाब मोजायला बसते. त्याला पैसे लागत नाहीत, यंत्र जुनंच आहे.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो. पीएफ पेन्शनवाल्यांना तो कधीही देता येतो आणि वर्षभर चालतो. मी नोव्हेंबरातला दिवस धरला आहे. त्याच दिवशी संध्याकाळी पिशवी काढते, नॉमिनी तपासते, कुठल्या एफडीची मुदत संपते ते बघते, आणि कडेच्या पाकिटात वर्षभरात किती गेले ते वहीत मांडते. मागच्या खेपेला वहीत जामिनाच्या पानावर यजमानांच्या अक्षरात एक नाव सापडलं, मला माहीतच नसलेलं. चौकशी केली तर कर्ज फिटलं होतं. ते पान मी अजून फाडलेलं नाही.